कागदाआडची खिडकी

रंगाऱ्यांमध्ये त्यांना सगळे ओळंबे म्हणत. खरं आडनाव वेगळंच. पण तरुणपणी ते खिडकीच्या चौकटीला नुसत्या हाताने अशी सरळ रेघ ओढायचे की गवंड्याच्या ओळंब्याने लाजावं. पंचावन्नाव्या वर्षीही नाव टिकून होतं, हात तेवढा टिकला नव्हता. वर्षभर उजवा हात थरथरत होता आणि त्यांनी ते बायकोलाही सांगितलं नव्हतं.

त्या आठवड्यात एका घरी रंगवायची होती अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याची खोली. म्हाताऱ्याने जन्मभर बस चालवलेली. पलंग दारातून निघेना, बाहेरची खोली सामानाने गच्च.

"भाऊ, बाबांना इथेच राहू द्या," सून म्हणाली. "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

ओळंब्यांनी शिरस्त्याप्रमाणे आधी खिडकीच्या तिन्ही काचांवर कागद लावले, कडेने चिकटपट्ट्या ओढल्या. वरचा झरोका तेवढा उघडा राहिला. खोली डबा बंद केल्यासारखी झाली.

पहिला दिवस म्हातारा गप्प पडून होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र तो एकदम कण्हला, "काढ ते. जीव घुसमटतोय माझा."

"काका, हवा येतेय की वरून."

"हवा कोणाला हवी आहे? रस्ता दिसत नाही मला! कशाला झाकतोस रे?"

ओळंब्यांनी समजावलं. चौकटीचा हा तेलाचा रंग काचेवर उडाला आणि वाळला की दगड होतो. मग ब्लेडने खरवडावा लागतो. ब्लेडखाली वाळूचा कण आला की चरा उठतो, आणि काचेवरचा चरा काही केल्या जात नाही.

"असू दे चरा! पूर्वीचे लोक झाकत होते का?"

पूर्वी ते स्वतःच झाकत नव्हते. सांगितलं ते सगळं खरंच होतं, पण अर्धंच. चिकटपट्टी असली की थरथर तिच्यावर उमटायची, आणि पट्टी काढली की खाली रेघ सरळ! कोणाला पत्ता लागत नसे.

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून ओळंब्यांना राहवेना. त्यांनी उशीसमोरच्या काचेवरचा कागद पट्टीसकट ओढून काढला. म्हातारा रस्त्याकडे बघत राहिला. एक बस वळणावर आली तसं त्याने पांघरुणाखाली पाऊल दाबलं. ब्रेकच असणार.

आता ती चौकट उघड्या काचेशी रंगवायची होती. ओळंब्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. वीतभर रेघ नीट आली, मग ब्रश घसरला. रंग काचेवर बोटभर आत.

म्हातारा आता रस्त्याकडे नाही, त्यांच्याकडे बघत होता.

"कधीपासून?"

"वर्ष झालं."

"घरी ठाऊक आहे?"

"सांगून काय करू, काका? दुसरं काय येतं मला?"

ओळंब्यांनी ओला रंग फडक्याने पुसला. कोपऱ्यात राहिलेला ब्लेडने काढायला गेले आणि करकर करत केसाएवढा चरा उठलाच.

संध्याकाळी तो चरा सुनेच्या लगेच नजरेस पडला. "अहो भाऊ, हे काय? घरमालक आधी काचा बघतो हो!"

"मी सांगितलं त्याला कागद काढायला," पलंगावरून आवाज आला. "बोलायचं ते मला बोल."

ती बादली उचलून आत गेली. सासऱ्यापुढे तिचंही कुठे काही चालत होतं!

घरी आल्यावर ओळंब्यांनी बायकोला हाताचं एका दमात सांगून टाकलं. ती पीठ मळत होती.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "आठ महिने झाले, तुम्ही चहाचा कप ओट्यावर ठेवूनच, वाकून पिता."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय केलं असतं आपण?"

ती पुन्हा पीठ मळू लागली. सकाळी ओळंबे पाच खिडक्यांच्या एका घरी गेले आणि दुपारपर्यंत नुसत्या पट्ट्याच लावत बसले.