घागर फुटली ते वर्ष

शांताक्कांची ओळख अप्पांमुळे झाली. तारिहाळच्या कारखान्यातून मी घरी आलो, तेव्हा या निवृत्त शिक्षिका माझ्या वडिलांना विचारत होत्या, "तुमच्या आईंनी त्या वर्षाचं काय काय सांगितलं होतं?"

ते वर्ष दोन महायुद्धांच्या मधलं. अक्कांच्या आईंना आपली जन्मतारीख ठाऊक नव्हती. "गावात पहिली मोटार आली, त्या वर्षी," एवढंच त्या सांगत. त्यावरून अक्का अळणावर भागातल्या त्या एका वर्षाच्या हकिकती पुस्तकासाठी जमवू लागल्या. गारपीट, लाकडाच्या वखारीत शिरलेला वाघ, सगळं. त्यांचा नियम एकच: पुस्तकात घालण्याआधी प्रत्येक हकिकत ती घडली त्याच गावात चारचौघांसमोर सांगायची.

अप्पांची हकिकत घागरीची होती. त्यांच्या आईंनी लहानपणी, त्याच वर्षी, गावच्या विहिरीवर पाणी भरलं. आमच्या लोकांना तिथं मज्जाव होता. घागर फोडून त्यांना हाकललं गेलं. हे त्या गावात एकदा उघड बोललं जावं, ही अप्पांची इच्छा होती.

पहिल्या सभेत गावचे पाटील म्हणाले, "अक्का, मोटार सांगा, वाघ सांगा. घागर कशाला उकरता?"

"मग वाघही राहू दे. वर्ष एकच आहे, अण्णा. अर्धं कसं सांगू?" अक्कांनी सभा तिथंच थांबवली.

पुढे अप्पा आजारी पडले. अक्का धारवाडहून बसने आंबील घेऊन येत. "प्या, गावात जायचंय." अप्पा हसत, "आधी यम येतो की तुमचे पाटील ऐकतात, बघू."

यम आधी आला. मला वाटलं, विषय संपला. अक्का म्हणाल्या, "आता तू सांगायचंस."

"मला चारचौघांत बोलता येत नाही, अक्का."

"मग हळू सांग. ऐकणारे पुढं सरकतील."

त्यांनी विहिरीपाशीच सभा घेतली. मी सांगू लागलो. मागचे लोक खरंच पुढं सरकले. सांगून झाल्यावर पाटलांच्या म्हाताऱ्या काकू उठल्या. "खोटं नाही ते. घागर आमच्या मामंजींनी फोडली. घरात मिशीला पीळ देऊन सांगायचे."

"काकू, बसा हो!" पाटील म्हणाले.

"जन्मभर बसलेच की रे!"

हकिकत पुस्तकात गेली. तुमच्या आईंचा जन्म कधीचा, असं कुणी विचारलं तर अक्का हल्ली मोटारीचं नाव घेत नाहीत. "घागर फुटली त्या वर्षी," म्हणतात.

आज त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. अजून बरीच गावं राहिली आहेत. तिथं ठाम उभं राहायला अक्कांना निरोगी शरीर आणि भरपूर आयुष्य लाभो. त्या नेतील त्या गावात मी जाईन, आणि हळूच सांगेन.