नानाजीचं कोपर

तालुक्यात नानाजीला सगळे 'सहीवाले' म्हणतात. मी त्याला कोपरवाला म्हणतो. तोंडावर म्हणतो, आणि त्याला राग येत नाही याचाच मला राग येतो.

मूल गावच्या बाजारात माझं फ्रेमचं दुकान आहे. देवादिकांचे, गेलेल्या माणसांचे आणि निवडून आलेल्या पुढाऱ्यांचे फोटो मी काचेत बसवतो. यातले पहिले दोन प्रकार निदान भिंतीवर गप्प राहतात. नानाजीचा फोटो मात्र या तिन्हींत बसत नाही, आणि त्याच्या फ्रेमचे खिळे मी इतक्या वेळा काढले-ठोकले आहेत की ते लाकूड आता चाळणी झालं आहे.

फोटो आहे भोवरटोल्याचा. हे गाव नदीपलीकडे. पावसाळ्यात रपटा, म्हणजे नदीतला ठेंगणा फरशीचा रस्ता, बुडाला की गाव आठ-आठ दिवस तुटतं. छत्तीस-सदतीस वर्षांमागे पुलासाठी इथली माणसं भर पावसाळ्यात कंबरभर पाण्यात उभी राहिली, आणि चंद्रपूरच्या एका छायाचित्रकारानं ते टिपलं. पेपरात छापून आलं. आजही जिल्ह्यात पुलाचं भाषण असलं की त्या फोटोचं नाव निघतं. फोटोत पुढे दोघी बाया आहेत, हातात हात धरून. डावीकडची नानाजीची बायको केसरबाई. उजवीकडची तिची मैत्रीण मनकर्णा, पोटुशी. मागे सारं गाव. आणि अगदी कडेला, फोटो जिथे संपतो तिथे, एक कोपर. ते नानाजीचं.

बाकीचा नानाजी फोटोबाहेर राहिला. पाणी थंड होतं म्हणून तो काठाकडे सरकला होता, असं केसरबाई सांगते. छायाचित्रकाराला जागा पुरली नाही, असं नानाजी सांगतो.

पहिली सही कशी आली ते ऐका. एक मोठे पुढारी सिंदेवाहीला दौऱ्यावर आले होते. गावानं नानाजीला फोटो देऊन पाठवलं, की दाखव आणि पूल माग. पुढाऱ्यांनी फोटो पाहिला, वा वा केलं, 'सप्रेम' लिहून फोटोतल्या पाण्यावर सही ठोकली आणि परत दिला. आमच्याकडे एखादं काम मंजूर झालं की लोक 'सही झाली' म्हणतात. नानाजी गावात शिरला तो हेच ओरडत शिरला. भोवरटोल्यात पेढे वाटले गेले, घाटावर नारळ फुटला, आणि गाव गिट्टीच्या ट्रकांची वाट पाहत बसलं. वर्ष गेलं तेव्हा चार माणसं तो फोटो घेऊन कचेरीत गेली. बाबू पोट धरून हसला. म्हणाला, ही सही फोटोवर आहे, फाइलीवर नाही.

गाव शहाणं झालं. नानाजी नाही झाला. सही करताना त्या पुढाऱ्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि तेवढ्यानं त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. मग कुणीही येवो, सत्तेतला, विरोधातला, कालपर्यंत तिकडे होता तो आज इकडे आलेला, नानाजी फोटो घेऊन रेस्ट हाऊसच्या फाटकाशी हजर. पुढाऱ्यांनी आमच्या कोपराला गूळ लावला आणि नानाजीनं तो जन्मभर चाटायचा प्रयत्न केला. लोकांची थुंकी झेलायलाही काही पोटापाण्याचं कारण लागतं. याला तेही नव्हतं.

आधी पाणी भरलं सह्यांनी. मग आभाळ. मग मागची माणसं जाऊ लागली. वारलूच्या छातीवर एक सही बसली, मुखरूच्या तोंडावर दुसरी. सह्या वर्षागणिक जाड होत गेल्या, कारण पेन जाऊन मार्कर आले. पूल तेवढा आला नाही.

त्या फोटोत केसरबाईला एकाच गोष्टीची काळजी होती. त्याच पावसाळ्यात मनकर्णाला कळा सुरू झाल्या. रपटा बुडालेला. खाटेवरून नेता नेता तिनं काठावरच प्राण सोडला. मुलगी वाचली, तिला मामानं बल्लारशाला नेलं. मनकर्णाचा दुसरा फोटो कुठेच नव्हता. लग्नातसुद्धा काढला नव्हता. म्हणून केसरबाईनं नवऱ्याला बजावलं होतं, माझ्या तोंडावर लिहू दे वाटलं तर, तिच्या तोंडाले हात लावू देजो नको. नानाजीनं हे पाळलं, हे मी कबूल करतो. दोनच जागा त्यानं कोऱ्या ठेवल्या होत्या. एक मनकर्णाचा चेहरा. दुसरी जागा सांगायला नको.

निगेटिव्ह त्या छायाचित्रकाराबरोबरच गेली, आणि पेपरातल्या छपाईत चेहरे ओळखू येत नव्हते. मी नानाजीला कितीदा म्हटलं, याची एक कॉपी काढून ठेवू. तो ऐकेना. कॉपी निघाली की ओरिजनलची किंमत जाते म्हणे. काच काढली असली की माझ्या मोबाइलवर हात ठेवून बसायचा. त्याच्या पोराच्या मोबाइलात त्या फोटोचे फोटो आहेत, पण प्रत्येकात नानाजीचे दात स्वच्छ दिसतात आणि काचेवर नुसता उजेड.

यंदा मार्कंड्याच्या जत्रेत केसरबाईला एक बाई भेटली. बोलता बोलता मामाचं नाव निघालं, गाव निघालं. ती मनकर्णाची पोरगी नूतन होती. आईचा फोटो आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिथल्या तिथे ती केसरबाईच्या गळ्यात पडली. आई कशी दिसायची, एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत होती. केसरबाईनं घरी येऊन नवऱ्याशी बोलणं टाकलं, तेव्हा कुठे तो कॉपीला तयार झाला. ठरलं की रविवारी नूतन माझ्या दुकानात यावी आणि आईचा चेहरा मोठा करून न्यावा.

शुक्रवारी मंत्री आले.

नानाजी धावत दुकानात आला. काच काढायला माणूस पाहिजे म्हणून मलाही ओढत रेस्ट हाऊसवर नेलं. मी गेलो ते रविवारच्या आधी फोटोवर नजर राहावी म्हणून. मंत्र्यांच्या हातात बोटाएवढा काळा मार्कर होता. पीए म्हणाला, जागा दाखवा, लवकर. जागा नव्हतीच. मी नानाजीकडे पाहिलं. त्यानं डाव्या हाताचा अंगठा फोटोच्या कडेला दाबून धरला, आणि उजव्या हाताचं बोट मनकर्णाच्या चेहऱ्यावर ठेवलं.

"तिथी नाई, साहेब," मी म्हटलं. कुणीतरी मला मागे ढकललं. मंत्र्यांनी झोकदार सही केली, खाली दोन रेघा मारल्या आणि हसून विचारलं, यात तुम्ही कुठे? नानाजीनं अंगठा उचलला आणि कोपर दाखवलं.

दुकानात आणून मी एका कोपऱ्यावर स्पिरिट लावून पाहिलं. शाईबरोबर फोटोचं कातडंच निघत होतं. मी हात आवरला.

रविवारी दोघी आल्या. मागोमाग नानाजी. नूतननं फोटो दोन्ही हातांत घेतला आणि शोधत राहिली. शेवटी तिनं विचारलं, "माय कोनती जी यात?"

सहीखालून मनकर्णाचा हात तेवढा बाहेर आला होता, केसरबाईच्या हातात अडकलेला. केसरबाईनं त्यावर बोट ठेवलं. नूतन त्या हाताकडे पाहत उभी राहिली. नानाजी मध्येच म्हणाला की ही सही साधी नाही, खुद्द मंत्रीसाहेबांची आहे. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मारायला हवी होती.

केसरबाईनं नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पत्रूभाऊ," ती मला म्हणाली, "याईचं कोपर कापून द्या याईले. बाकीचा फोटो या पोरीचा हाय."

असल्या गोष्टीत मी गिऱ्हाइकाला दोनदा विचारतो. त्या दिवशी नाही विचारलं. पट्टी ठेवली, कटर फिरवला. नानाजी 'अबे, अबे' करत राहिला. नूतननं उरलेला फोटो पदरात गुंडाळला आणि दोघी स्टँडकडे निघाल्या, फोटोतल्यासारख्याच, हातात हात धरून. केसरबाई त्या रात्री भोवरटोल्याला परतली नाही. पुढचे चार दिवस ती बल्लारशाला होती.

कोपराएवढी फ्रेम मी जन्मात बनवली नव्हती. उरलेल्या पट्ट्यांची बनवली, काच बसवली आणि नानाजीच्या हातात दिली. त्यानं ती बराच वेळ न्याहाळली. मग उलटी केली, आणि मागच्या पुठ्ठ्यावर एखादी सही मावेल का, असं मला विचारलं.