तुरीत लपलेले श्रोते

जालन्याच्या कॉलेजात इतिहास शिकवायला लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. विद्यापीठाची बहिःशाल व्याख्यानं खेड्यापाड्यांत न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण दुसऱ्या कुणालाच ते नको होतं. प्राध्यापक गाठायचा, गाव गाठायचं, दोघांची भेट घालून द्यायची आणि रजिस्टरवर श्रोत्यांच्या निदान पंचवीस सह्या आणायच्या. सह्या नसल्या तर त्या गावचं केंद्र बंद. ज्ञान दारोदार वाटायला निघायचं आणि वर पोचपावती मागायची, ही आपली रीत.

आमच्याकडचे पाली भाषेचे सर त्या साली निवृत्त होणार होते. वर्गात चार विद्यार्थी, कधी तीनच. तेही परीक्षेपुरते. एकदा स्टाफरूममध्ये चहा घेताना ते मला म्हणाले, "एकदा तरी भरल्या सभेत बोलायचं राहून गेलं हो." आणि लगेच चष्मा पुसायला लागले. मला फार वाईट वाटलं. मनाशी म्हटलं, ही सभा मी भरवून दाखवीनच.

टेंभुर्णीच्या बौद्ध वस्तीतल्या एका गुरुजींचं पत्र आलेलं होतं. वस्तीत रोज पाली वंदना होते, पण तिचा अर्थ सांगणारं कुणी नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. मला तर आंधळा मागतो एक डोळा, असं झालं.

आणीबाणीतली दिवाळी उलटून गेली होती. रविवारी दुपारी आम्ही एसटीनं निघालो. खिडकीतून ऊबदार ऊन आत येत होतं, बाहेर ज्वारी, कापूस, परत ज्वारी. सर मांडीवर काळी कातडी बॅग धरून पुटपुटत होते. भाषणाची तयारी चालली असावी. मला मध्येच डुलकी लागली, आणि आजही त्या दिवसाचा पुढचा भाग आठवताना मी पुरती जागी झाले नव्हते असंच वाटत राहतं.

गुरुजी फाट्यावर घ्यायला आले होते. वस्तीकडे चालत निघालो. विहारापुढच्या अंगणात सतरंज्या अंथरलेल्या होत्या, माणसं बसलेली लांबून दिसत होती. मी हौसेनं पिशवीतून रजिस्टर बाहेर काढलं.

आणि सभा उठली. आवाज नाही, गडबड नाही. एकेक पुरुष धोतर, पायजमा सावरत मागच्या तुरीच्या रानात शिरला. तूर डोक्यावर वाढलेली होती. पाहता पाहता पिवळ्या फुलांखाली सगळी मंडळी नाहीशी झाली. सतरंजीवर बायका आणि पोरं तेवढी उरली.

गुरुजींचा चेहरा उतरला. "बाई, नसबंदीला भ्याले ते," ते हळूच म्हणाले. "आम्हा मास्तरांनाच केसेस आणायला लावून राह्यलेत ना. मास्तर, रजिस्टर अन् वरून ह्या सरांची काळी बॅग. डाक्टरच आला म्हनले असतील."

मला आधी हसू आलं, मग सरांकडे पाहिलं. ते अर्ध्या रिकाम्या सतरंजीकडे बघत उभे होते. रजिस्टर हातात असेपर्यंत कुणी परत यायचं नव्हतं, आणि सह्या नसतील तर केंद्र बंद पडणार होतं. मी रजिस्टर पिशवीत कोंबलं. बॅगही सरांकडून घेतली आणि विहाराच्या आत नेऊन ठेवली.

सर बोलायला उभे राहिले. दोन वाक्यं बोलून अडखळले, कारण तयारी पंडितांसाठीची होती. मग खाली सतरंजीवरच बसले आणि पुढच्या म्हाताऱ्या बाईंना म्हणाले, "तुम्ही रोज म्हणता ते आधी मला ऐकवा."

बायकांनी हात जोडून वंदना म्हटली. सरांनी डोळे मिटून घेतले. ही भाषा त्यांनी जन्मभर डोळ्यांनी वाचली होती. माणसांच्या तोंडून, रोजच्या वापरातली अशी, ती पहिल्यांदाच त्यांच्या कानावर पडत असावी.

"अर्थ काही म्हाईत न्हाई, सर," म्हातारी म्हणाली. "पर म्हनलं की मन जाग्यावर येतं."

सर एकेक ओळ उलगडायला लागले. म्हातारी मध्येच म्हणायची, "थांबा. परत सांगा बरं." सर परत सांगायचे. बायका आपसांत बोलायच्या, हसायच्या, एखादी डोळ्याला पदर लावायची. ऊन सतरंजीवरून सरकत गेलं. तुरीतून एक पागोटं बाहेर आलं, मग दोन टोप्या. हळूहळू सगळे पुरुष कडेनं येऊन उभे राहिले, अंगाखांद्यावर तुरीची फुलं घेऊन. सभा भरली होती. सह्यांचं नाव मी काढलं नाही.

परतताना सर एसटीत म्हणाले, "तीस वर्षांत मला 'परत सांगा' असं कुणी म्हटलं नव्हतं."

सोमवारी मी कोरं रजिस्टर प्राचार्यांपुढे ठेवलं. सगळी हकिगत सांगितली. त्यांनी मान हलवली आणि केंद्र बंद केलं. मी भांडले नाही. नोकरी नवी होती, आणि खरं सांगायचं तर भांडायची छाती नव्हती. टेंभुर्णीहून "पुढचं व्याख्यान कधी" असं विचारणारं पत्र आलं, त्याला मी उत्तरही पाठवलं नाही.

पुढे दीड-दोन वर्षांनी ते गुरुजी जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानापाशी भेटले. मी तोंड चुकवायच्या बेतात होते, पण त्यांनीच गाठलं. "जयभीम, बाई!" मी केंद्राबद्दल माफी मागायला लागले.

"केंद्राचं काय घेऊन बसलात?" ते म्हणाले. "सर येतात की. रिटायर झाल्यापासून दर रविवारी, सोताच्या खर्चानं. मानसं फाट्यावर घ्यायला जातात त्यांना. बायका इचारतात, त्या बाई कामून येत न्हाईत?"

टेंभुर्णीची एसटी माझ्या घरावरूनच जायची.