बातमीचा शेवटचा परिच्छेद

चालताना भाऊजींच्या उजव्या पोटरीत गोळा यायचा. थांबले की दोन मिनिटांत जायचा आणि पुन्हा चालले की यायचा. अकोल्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत ते फिटर होते. दिवसाला एक बंडल बिडी ओढत आणि दुखण्याचा दोष फॅक्टरीतल्या सिमेंटच्या फरशीला देत. ताईने मला अमरावतीला फोन केला. "तुई एवढ्या डॉक्टरायशी ओळख हाये, जरा इचार ना बावा कोणाले तरी." मी हो म्हणालो आणि कोणालाच विचारलं नाही.

त्या वर्षांत आमच्या पेपरला एकच विषय होता. कापसाचा पट्टा मरत होता आणि आम्ही शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची रोजची मोजणी छापत होतो. मुंबई-दिल्लीचे पत्रकार अमरावतीच्या बऱ्यातल्या बऱ्या हॉटेलात उतरत, गाडी ठरवत आणि आम्हाला विचारत, "एखादी चांगली केस आहे का?" चांगली म्हणजे विधवा तरुण, मुलं लहान, भिंतीवर हार घातलेला फोटो आणि गाव हमरस्त्यापासून फार आत नाही. आमच्यातल्या काहींनी अशा केसेसची यादीच करून ठेवली होती. माझ्याकडेही होती. दुपारच्या जेवणाच्या बदल्यात मी ती दिली आहे.

अशाच एका दुपारी मला एका कॉलेजात पाठवलं गेलं. संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो आणायचा होता. व्याख्यान हे त्या फोटोचं निमित्त. व्याख्यान देणारी बाई तिथेच बायोटेक शिकवायची. अकोल्यातल्या एका अत्तरवाल्याची मुलगी, घरी उर्दू बोलणारी. तिची पीएचडी रक्तवाहिन्यांच्या आजारातल्या नॉन-कोडिंग आरएनएवर होती. अध्यक्ष फोटो काढून घेऊन पहिल्या दहा मिनिटांत गेले. त्यांच्यामागे पुढची रांग गेली. मी थांबलो, कारण चहा शेवटी होता.

तिने जे सांगितलं ते मी वहीत नीट उतरवलं. पेशीतल्या डीएनएवरून आरएनएच्या नकला निघतात. काही नकलांवरून प्रथिनं बनतात. बऱ्याच नकलांवरून काहीच बनत नाही आणि म्हणून शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं त्यांना अडगळ म्हणून बाजूला ठेवलं. मग लक्षात आलं की कोणतं प्रथिन किती बनायचं, कधी थांबायचं, यावर त्यातल्याच काही नकलांचा ताबा आहे. रक्तवाहिनीच्या भिंतीत हा ताबा बिघडला, की भिंतीतल्या पेशी नको तितक्या वाढतात, आतलं अस्तर सुजतं, वाट अरुंद होते.

चहा घेताना मी विचारलं, "मॅडम, म्हणजे रक्त तपासून कळेल का कोणाची नस बंद होणार ते?"

"हाच प्रश्न माझे अब्बा रोज विचारतात," ती म्हणाली. "नाही कळणार. शंभर आजारी आणि शंभर निरोगी माणसांचं रक्त शेजारी ठेवलं तर फरक दिसतो. एका माणसाला त्यावरून काही सांगणं म्हणजे थाप. पायाची नस पाहायची तर डॉक्टरनं पायाला हात लावावा, नाडी बघावी, घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून बघावा. हे नक्की लिहा, सर."

मी लिहिलं. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं.

बातमी लिहिण्याची आमची एक रीत आहे. महत्त्वाचं वर, कमी महत्त्वाचं खाली. जागा कमी पडली की पान लावणारा न वाचता खालून कापतो. वाचण्याची गरजच नसते, कारण लिहिणाऱ्याने उतरंड आधीच लावलेली असते. संशोधन नवं आहे ही बातमी, म्हणून ती वर. त्याचा आज रोग्याला उपयोग नाही, ही मला बातमी वाटली नाही, म्हणून खाली. पंधरा वर्षांच्या नोकरीत हे हात आपोआप करतात.

बातमी दोन दिवस पडून राहिली. तेवढ्यात जाहिरात विभागातल्या माणसाने ती पाहिली आणि अकोल्याच्या एका खासगी लॅबला फोन केला. लॅबची तीन कॉलम जाहिरात आली: रक्ताच्या थेंबात रक्तवाहिन्यांचं भविष्य, आधुनिक आरएनए तपासणी, शेतकरी व कामगार कुटुंबांसाठी खास शिबिर. जिल्हा मरत असताना त्याच्या नावावर शिबिर भरवायला एक प्रकारचं धाडस लागतं. लॅबच्या मालकाकडे ते होतं. जाहिरात माझ्या बातमीच्या खाली बसली आणि बसावी म्हणून शेवटचा परिच्छेद उडाला.

सकाळीच बाईचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. "सर, तुम्ही मला त्या लॅबच्या दुकानाची एजंट केलंत. अब्बांना सकाळपासून तीन गिऱ्हाइकांनी विचारलं, शिबिर कुठे आहे. तुम्ही खुलासा छापा."

मी संपादकांकडे गेलो. पान चघळत ते म्हणाले, "चूक कोणती छापली सांग. एक वाक्य दाखव." चुकीचं एकही वाक्य नव्हतं. प्रत्येक शब्द तिचाच होता. "मग खुलासा कशाचा?" मी टेबलावर आलो आणि दुसऱ्या दिवशीची केस लिहायला घेतली. बाईला परत फोन केला नाही.

भाऊजींकडे आमचा पेपर माझ्यामुळे येत असे. घरातला माणूस जिथे लिहितो तो पेपर खरा, हा त्या घराचा नियम होता. बातमीवर माझं नाव नव्हतं, पण ताईने ती कापून देवाच्या फोटोमागे खोचली. "आपल्या भाऊनंच लिहिली असन," ती म्हणाली. भाऊजींची एका हाडाच्या डॉक्टरशी वेळ ठरलेली होती. ते त्याच्याकडे गेले नाहीत. शिबिरात गेले. तिथे त्यांच्या पायाला कोणी हात लावला नाही. दंडातून रक्त घेतलं आणि बिस्किटाचा पुडा दिला.

रिपोर्ट आठवड्याने आला. गुळगुळीत कागद, सगळा मजकूर इंग्रजी, मधोमध लाल-पिवळा-हिरवा पट्टा आणि बाण हिरव्यावर. भाऊजींना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण जिनिंगच्या मशीनवर हिरवा दिवा म्हणजे चालू ठेवा, हे त्यांना वीस वर्षं माहीत होतं. त्यांनी चालू ठेवलं. बिडीही.

दोन महिन्यांनी त्या पायाचा अंगठा काळा पडला. ताईने हळद लावली, मग मलम लावलं, मग मला फोन केला. मी त्यांना अमरावतीच्या एका सर्जनकडे नेलं. त्याने पायावर दोन बोटं टेकवली, घोट्याची नाडी चाचपली आणि ती लागत नाही म्हणाला. याला अर्धं मिनिट लागलं असेल. रिपोर्ट त्याने उलटून पाहिला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पायाचं चित्र काढलं. कुठपर्यंत कापावं लागेल ते दाखवण्यापुरताच तो कागद कामाला आला. "पोटरीत गोळा यायला लागला तेव्हाच का आला नाहीत?" भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी चित्राकडे पाहत राहिलो.

पाऊल अर्धं गेलं. टाच वाचली, हे यश म्हणून सर्जन सांगत होता आणि ते खरं होतं.

महिन्याभराने मी अकोल्याला गेलो. भाऊजी खाटेवर बसले होते, पाय उशीवर, आणि बिडीच्या जागी तोंडात बडीशेप. मी वही सोबत नेली होती. बाई काय म्हणाली होती ते त्यांना वाचून दाखवलं: डॉक्टरनं पायाला हात लावावा, नाडी बघावी.

त्यांनी ताईला कात्रण आणायला सांगितलं, चष्मा लावला आणि ते पुन्हा वाचलं, वरपासून खालपर्यंत, ओळीवर बोट ठेवून.

"यात नाही ते."

"शेवटी होतं. जागा नव्हती, कापलं गेलं."

"तू शेवटी लिहिलं होतं?"

"हो."

"काहून? मले तर तेवढंच पाह्यजे होतं."

मी त्यांना आमची रीत सांगितली. महत्त्वाचं वर, बाकीचं खाली. त्यांनी फिटरच्या लक्षाने ऐकून घेतली. जिनिंगमध्येही क्रम असतात. मग म्हणाले, "मी तर शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं होतं, साळेबुवा. खालची जाहिरातबी वाचली."

ताई चहा घेऊन आली. भाऊजींनी कात्रण तिच्याकडे दिलं नाही. माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "याच्या वरती लिही ते. पेनानं लिही. हेडिंगच्याबी वर."

मी लिहिलं. वरच्या कोऱ्या पट्टीत ते सगळं मावलं.