घरबसल्या शर्यत आणि माझा ओटा

बदलापूरच्या पुढे, माझ्या दिरांच्या शेतावर, दर जानेवारीत जुन्या मोटारींची शर्यत होते आणि तिला येणारी सगळी गर्दी गेल्या वर्षी मी एकटीने, अत्यंत पद्धतशीरपणे, घरी बसवली.

असलं काम गबाळ्या माणसाला जमत नाही. त्याला नियोजन लागतं!

शर्यत म्हणजे काय, ते आधी सांगते. भात कापून झालं की भास्करभाऊजी शेतात ट्रॅक्टर फिरवून गोल रस्ता आखतात, वळणांवर टायर रचतात आणि उल्हासनगर-अंबरनाथच्या गॅरेजवाल्यांना निरोप धाडतात. गाड्या म्हणजे भंगारात जाता जाता वाचलेल्या मारुती आठशे आणि झेन. काचा काढलेल्या, मागच्या सीटा काढलेल्या, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा. काहींना दारं नसतात. ज्यांना असतात, त्यांची उघडत नाहीत. माझे यजमान सुधाकर यांचं उल्हासनगरला गॅरेज आहे, त्यामुळे तेही दरवर्षी एक आठशे घेऊन उतरतात. आजवरचं त्यांचं सर्वांत मोठं यश म्हणजे एकदा गाडी स्वतःच्या चाकांवर घरी आली!

बक्षीस तिकिटांच्या पैशातून निघतं. शिवाय तिथला रिवाज असा, की शर्यत चालू असताना कोणीतरी पुढे येऊन बक्षिसात भर घालतो आणि भाऊजी माइकवरून त्याचं नाव पुकारतात. समोर सगळं गाव बसलेलं. मेहुण्याचं नाव पुकारलं गेलं, की जावयाला बसवत नाही. जावयाचं झालं, की सासरा उठतो. असं करत करत बक्षीस फुगतं. हे सगळं गर्दीवर चालतं, हे भाऊजींना ठाऊक होतं. मला नव्हतं. मी फक्त तिकीट, पार्किंग, पाणी आणि बायकांसाठी आडोसा असा कारभार बघायची. (आडोसा माझ्या आधी नव्हता. एवढं श्रेय मी घेणार.)

तर डिसेंबरात आमच्या चिखलोलीच्या घरी बैठक बसली आणि चहा येण्याआधीच मी विषय काढला.

"भाऊजी, यंदा लाइव्ह करायचं."

"काय?"

"मोबाईलवर थेट प्रक्षेपण. आपल्याकडच्या टेनिसबॉलच्या मॅचेस बघा. लोक दुबईत बसून बघतात."

"वहिनी, मॅच लाइव्ह असते तेव्हा मैदानावर कोण असतं? खेळाडू आणि कुत्री. फुकट दिसलं तर विकत घेऊन कोण बघेल?"

"टीव्हीवर लग्नं दिसतात म्हणून लोक लग्नाला जायचे थांबले का?"

"लग्नात जेवण असतं," भाऊजी म्हणाले.

मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. बघणारे वाढले की जाहिराती वाढतील, जाहिराती वाढल्या की बक्षीस वाढेल, इतकं सरळ होतं ते. त्याच झोकात मी पहिलं बक्षीस एकवीस हजारांवरून एक्कावन्न हजार करून टाकलं.

"आणि कमी पडले तर?" भाऊजी.

"मी बघते!"

हे बोलताना माझ्या डोळ्यांसमोर काय होतं, ते मला आजही कळत नाही. कारण मी 'बघणार' होते, ते पैसे एकाच ठिकाणी होते: माझ्या नव्या ओट्याच्या खात्यात. आमच्या स्वयंपाकघरातला ओटा बिल्डरने बहुधा स्वतःच्या उंचीचा बांधलाय आणि बिल्डर बुटका असणार. वाकून वाकून माझी कंबर गेली. नवा ओटा, खाली ट्रॉल्या, सिंकशेजारी भांड्यांची जागा, सगळं ठरलं होतं. सुतार मापं घेऊन गेला होता. फक्त पैसे द्यायचे राहिले होते.

कोपऱ्यात बसून हे बिस्कीट खात होते. त्यांनी फक्त माझ्याकडे एकदा बघितलं आणि दुसरं बिस्कीट घेतलं. तिथेच मला शंका यायला हवी होती.

जाहिरात एकच मिळाली. टाक्या धुणाऱ्याची. तोही म्हणाला, "मॅडम, पैसे नाही जमणार. तुमच्या सोसायटीची टाकी धुऊन देतो." दिली धुऊन. बक्षिसाला उपयोग शून्य, पण पाणी स्वच्छ आलं.

आता माझी सूचना. प्रेक्षकांची गैरसोय होऊ नये म्हणून मी एक नीट, मुद्देसूद संदेश तयार केला आणि सोसायटी, भिशी, माहेर, सासर, शाळेच्या मैत्रिणी, सगळ्या ग्रुपांवर टाकला. टोपी आणावी. धूळ फार असते, तोंडाला रुमाल बांधावा. दमेकऱ्यांनी विचार करून यावं. स्टेशनवरून रिक्षा सहज मिळत नाही. गाडी रस्त्यावर लावू नये. पुढे पायी चालावं लागेल, चप्पल मजबूत असावी. आणि सगळ्यांत शेवटी, ठळक अक्षरांत: 'ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी लाइव्हची लिंक.'

रविवारी सकाळी मी तिकिटाच्या टेबलापाशी बसले. माझी मुलगी ऋतुजा आणि तिचे मित्र तीन कॅमेरे लावून तयार. गाड्या तयार. ॲम्ब्युलन्स तयार. उसाचा रसवाला तयार.

लोक नाहीत.

थोड्या वेळाने एक कुटुंब आलं. मी हातात तिकिटं घेऊन उभीच राहिले! ते भाऊजींच्या सासुरवाडीचे निघाले. फुकट पासवाले.

मग फोन सुरू झाले. पहिला आमच्या सोसायटीतल्या शिंदेकाकूंचा.

"अहो, कुठे आहात? या ना पटकन!"

"काकू, मी शेतावर आहे. तुम्ही या."

"शेतावर कशाला? आम्ही सगळे खाली हॉलमध्ये मोठ्या टीव्हीवर लावलंय तुमचं! मिसळ केलीय. चाळीस माणसं झालीत. तुमची सूचना वाचली आणि सगळ्यांनी ठरवलं, नको बाई ती धूळ. किती छान समजावून लिहिता हो तुम्ही!"

दुसरा लछमनभाईंचा. यांचं उल्हासनगरला स्पेअरपार्टचं दुकान आहे, आमच्या गॅरेजला माल तेच देतात आणि दरवर्षी बक्षिसात भर घालणाऱ्यांत त्यांचा पहिला नंबर असतो.

"भाभी, एकदम क्लिअर दिखता है! सुधाकर साईं की गाडी का नट भी दिख रहा है."

"लछमनभाई, तुम्ही येणार होतात!"

"आ रहा था ना. पर मिसेस ने आपका मेसेज पढा. बोली, चप्पल मजबूत चाहिए? ये रेस है या ट्रेकिंग?"

"आणि बक्षिसात भर?"

"अरे भाभी, वो तो माइक पे नाम बोलते हैं तब देने का ना. इधर घर में कौन सुनेगा? मिसेस?"

मी फोन ठेवला. समोर कॉलेजातली तीन पोरं उभी होती. खरीखुरी, पासशिवायची!

"काकी, अर्धं तिकीट द्या ना."

"का? तुम्ही काय लहान आहात?"

"नाही, पण आत येऊन आम्ही मोबाईलवरच बघणार. धुळीत काय दिसत नाय. सावलीत बसून बघू. मग फुल तिकीट कशाचं?"

मी वळून बघितलं. आत जी मोजकी माणसं होती, ती सगळी झाडाखाली माना खाली घालून मोबाईलमध्ये शर्यत बघत होती. गाड्या पाठीमागून धडधडत जात होत्या आणि कोणी वळूनही बघत नव्हतं! रसवाल्याने तर मोबाईल चरकालाच टेकवून ठेवला होता. एका गाडीचं चाक निखळून त्याच्या गाड्याजवळून गेलं, तरी तो मोबाईलमध्ये बघून ओरडला, "अरे, चाक गेलं बघ!"

तेवढ्यात भाऊजी आले. त्यांच्या चेहऱ्यावर 'मी म्हणालो होतो' असं लिहिलेलं होतं, पण मोठ्या जावेचा नवरा नसून धाकटा दीर असल्यामुळे ते तोंडाने म्हणाले एवढंच, "वहिनी, गल्ल्यात ॲम्ब्युलन्सपुरतेच आहेत."

माझ्या डोळ्यांपुढून एक ट्रॉली सरकत गेली.

मी धावत ऋतुजाकडे गेले. "ऋतू, बंद कर ते लाइव्ह!"

"आई, केवढे लोक बघतायत!"

"म्हणूनच बंद कर!"

"आत्ता सेमीफायनल आहे. लोक शिव्या देतील."

मग मला एक व्यवहारी कल्पना सुचली. (माझ्या व्यवहारी कल्पनांबद्दल एव्हाना तुमचं काही मत झालं असेल. ते बरोबर आहे.) मी स्वतः कॅमेऱ्यासमोर उभी राहिले आणि जाहीर केलं, "प्रेक्षकहो, फायनल फक्त मैदानावर दिसेल. तासाभरात पोहोचा. तिकीट आहे. पार्किंग आहे. टोपी ऐच्छिक." आणि लाइव्ह बंद.

भाऊजींनी फायनल तासभर थांबवली. आम्ही सगळे रस्त्याकडे डोळे लावून बसलो. मध्ये एकदा धुरळा उठला, तर आम्ही टाळ्या वाजवल्या. म्हशी होत्या.

शेवटी मीच शिंदेकाकूंना फोन लावला. "निघालात का?"

"छे हो! फायनल इथेच दिसणार आहे ना. तो अंबरनाथचा सागर आहे ना, झेनवाला, त्याने स्वतःचंच लाइव्ह चालू केलंय. गाडीतूनच! तुमच्यापेक्षा भारी दिसतंय. तुम्ही हिरव्या साडीत आहात ना? त्या बघा, मागे दिसताय!"

मी वळले. खरंच, सागरने डॅशबोर्डवर मोबाईल चिकटवला होता आणि त्याच्याशी गप्पा मारत होता. फायनलमध्ये दोनच गाड्या उरल्या होत्या. एक त्याची. आणि दुसरी, मी नीट बघितली, चष्मा पुसून पुन्हा बघितली, आमच्या यांची!

बाकीच्यांच्या गाड्या आपापसात धडकून बाद झाल्या होत्या. आमचे हे इतके मागे होते, की धडकायला कोणी मिळालंच नाही.

झेंडा पडला. सागर सुसाट सुटला. आमची आठशे खोकत मागून. पहिला फेरा, दुसरा फेरा, सागर पार पुढे. शेवटच्या वळणावर त्याने मोबाईलकडे बघून दोन बोटं दाखवली आणि "भाई लोक, शेअर करा" असं म्हणाला. ते वाक्य लाइव्हवर सगळ्यांनी ऐकलं. त्याच्यापुढचा आवाज पेंढ्याचा होता. गाडी सरळ पेंढ्याच्या उडवीत घुसली! सागर हसत, कपडे झटकत बाहेर आला. त्याच्या बाजूने आमचे हे, लाल दिव्याला थांबायच्या वेगाने, निघून गेले आणि जिंकले.

मी आनंदाने ओरडले. नवरा जिंकला म्हणून नव्हे, हे इथे कबूल करते. बक्षीस घरातल्या घरात राहणार म्हणून! याच्यासारखा चोख हिशेब जगात नाही. माझ्याकडून यांना, यांच्याकडून मला. ओटा वाचला!

भाऊजींनी माइक घेतला. "पहिलं बक्षीस एक्कावन्न हजार! आणि ह्या बक्षिसाची पूर्ण जबाबदारी आमच्या वहिनींनी घेतली आहे! टाळ्या!"

मी यांच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं, "अहो, घरी गेल्यावर बघू."

हे धुळीने पांढरे झालेले. फक्त डोळे दिसत होते आणि ते डोळे मी लग्नात पाहिले होते तसे चमकत होते. त्यांनी भाऊजींच्या हातातून माइक घेतला.

"घरी गेल्यावर नाही. घरी गेलं की त्याचा किराणा होतो. मी विजेता आहे. मला इथे पाहिजे."

"अहो, लोक बघतायत!"

"कुठे आहेत लोक?" हे म्हणाले. आणि ते खरं होतं.

पण पेंढा झटकून सागर आला होता, हातात मोबाईल. "काकू, मी लाइव्ह आहे. सगळे म्हणतायत, पैसे द्या." त्याने मोबाईल माझ्यासमोर धरला. खाली एकामागून एक ओळी पळत होत्या. 'काकू पैसे द्या.' 'काकांना न्याय द्या.' एक ओळ लछमनभाईंची होती: 'भाभी, ऑनलाइन भेज दो, दो मिनट का काम है.' एक शिंदेकाकूंची: 'आम्ही सगळे बघतोय हं!'

मी मोबाईल काढला. सवयीप्रमाणे आकडे पुटपुटत दाबायला लागले.

"आई!" ऋतुजा किंचाळली. "पिन मोठ्याने बोलू नकोस!"

उशीर झाला होता. पैसे गेले ते गेलेच, रात्री पिनही बदलावा लागला. त्या पैशांतून यांनी दुसऱ्या आठवड्यात आणखी एक आठशे आणली. सुटे भाग म्हणून.

शर्यतीचं आमचं लाइव्ह आता कोणी उघडतही नाही. सागरने मात्र माझी पैसे देतानाची चित्रफीत कापून वेगळी टाकली आणि ती कुठच्या कुठे गेली. भाजीवाला ओळखतो. बँकेतली मुलगी ओळखते. ("मॅडम, पिन बदललात ना?") यंदा भाऊजींनी लाइव्ह साफ बंद ठेवलंय आणि तिकिटं आधीच संपलीत. बॅनरवर गाडीपेक्षा मी मोठी आहे: 'विजेत्याला बक्षीस वहिनींच्या हस्ते, प्रत्यक्ष बघा!' बक्षिसात भर घालणाऱ्यांचीही रांग लागलीय. भाऊजी परवा मुद्दाम सांगून गेले, "वहिनी, तेवढं गेल्या वर्षीसारखंच तोंड करून द्या हं. हसलात तर लोक पैसे परत मागतील."

मी त्यांना निश्चिंत राहायला सांगितलं. अजून रोज दोन वेळा त्याच बुटक्या ओट्यावर वाकून पोळ्या लाटते. वेगळ्या सरावाची गरज नाही!