पाच नंबरवरचा पंखा

कंधारच्या सरजाबाईंच्या नवऱ्याला, व्यंकटींना, लकवा झाला तो मार्च महिन्यात. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस पत्र्याच्या खोलीत बाजेवर पडून राहिला. सरजाबाईंनी कंबर कसली. भरवणं, कूस बदलणं, कशाचीच वेळ चुकू दिली नाही.

एप्रिलमध्ये पत्रे तापले, तसे व्यंकटी डावा हात उचलून पंख्याकडे दाखवू लागले.

"कळलं, उकडून राहिलंय," म्हणत सरजाबाई बटण फिरवायच्या. तीनवरून चारवर, चारवरून पाचवर. झळ नको म्हणून दार-खिडकी बंद. तरी हात वर जायचाच.

"आता सहावा नंबर कुठून आणू? एसटी हाय का ही, गिअर टाकायला?"

व्यंकटी भिंतीकडे तोंड फिरवायचे. माणूस आजारपणात चिडका झालाय, असं त्या धरून चालल्या. असे दोन उन्हाळे गेले.

तिसऱ्या उन्हाळ्यात उपकेंद्रातली मनीषा सिस्टर भरदुपारी बीपी बघायला आली. व्यंकटींचं अंग कोरडं आणि तापलेलं लागलं, तसा तिने आधी पंखाच बंद केला.

"अगं, बंद कशाला करतीस? जीव जाईल त्यांचा."

"मावशी, पंखा काय गारवा बनवतो का? पत्र्याखालची हवा खाली ढकलतो नुसता. ती हवा काकांच्या अंगापेक्षा गरम हाय, अन् घाम तर येईना त्यांना. भट्टीला भाता मारून राहिलात तुम्ही."

तिने ओल्या फडक्याने त्यांचं अंग पुसलं, ओलसरच ठेवलं आणि मग पंखा लावला. "आता ओल उडताना अंगातली गरमी घेऊन जाईल. अन् ऊन उतरलं की दार-खिडकी उघडत जा."

थोड्या वेळात व्यंकटी झोपले. उन्हाळ्याच्या दुपारी त्यांचा डोळा लागलेला सरजाबाई पहिल्यांदाच पाहत होत्या.

ते जागे झाल्यावर सरजाबाईंनी विचारलं, "अवो, इतके दिवस तुम्ही बंद कर म्हणत होता का?"

व्यंकटींनी डोळे मिटले. हो म्हणायचं असलं की ते असेच डोळे मिटत.

त्याच वर्षी डिसेंबरात व्यंकटी गेले. भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, "लई केलंस, सरजा, नवऱ्याचं."

सरजाबाईंनी त्यांना पंख्याचं सगळं सांगितलं.

"तुला तरी काय माहीत होतं, बाई."

"त्यांना माहीत होतं की," सरजाबाई म्हणाल्या. "एकदा विचारलं असतं, तर सांगितलं असतं त्यांनी."