अंगठ्याची झेरॉक्स

ती घटना आठवली की आजही माझी कानशिलं तापतात. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण इतका राग क्वचितच आला असेल. त्यातला थोडा राग माझा स्वतःवरचाच आहे, तो लपवणार नाही.

साल २०१६. डहाणू-तलासरी पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. दुपारी डबा उघडत होतो, तेवढ्यात बाहेर ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी एका बाईचा आवाज चढला. नरपडची सुकी मासळी विकणारी बाई होती. मोबाईल हरवल्याचा दाखला घ्यायला आलेली, आणि अंमलदार तिला ‘उद्या या’ म्हणत होता.

“उद्या या, उद्या या! मानूस ट्रकखाली गेला तरी तुमचा उद्याच,” ती म्हणाली.

मी डबा झाकून बाहेर आलो. “कोण गेलं ट्रकखाली?”

“झरीचा तो. चिकू उतरवायला आमच्या गावात येतो. पाय गेला ना त्याचा.”

ती नोंद माझ्या लक्षात होती. अठरा दिवसांपूर्वीची. सरकारी दवाखान्यातून आलेल्या चिठ्ठीवरून आमच्या हवालदाराने ठाणे दैनंदिनीत लिहिलं होतं: मोटारसायकल घसरून पडल्याने जखमी, कोणावर संशय नाही, कोणाची तक्रार नाही. खाली माझी सही होती.

“तो तर घसरून पडला,” मी म्हणालो.

“घसरला? सायेब, मी फाट्यावर पाटी घेऊन बसली होती. पांढरा ट्रक, दुकानांना बिस्किटं टाकतो तो. सकाळी वळणावर रिक्षाच्या पुढं काढाया गेला नि समोरून येनाऱ्या पोराला उडवला. नंबर कोन बघतो? आमी सगळी त्या पोराकडं धावलो.”

“मग इतके दिवस सांगितलं का नाही?”

“कोन इचाराया आला?”

मी हवालदाराला आत बोलावलं. जागेवर गेला होतास का, विचारलं. गेला नव्हता. डॉक्टरांनी केसपेपरवर ‘घसरून पडला’ असं लिहिलं होतं, म्हणून यानेही लिहिलं. डॉक्टरांना कुणी सांगितलं? ज्याने जखमीला जीपमधून आणलं त्याने. तो कोण? आणणारा माणूस हवालदाराच्या चांगल्या ओळखीचा निघाला. एका व्यापाऱ्याची कचेरीतली सगळी कामं निपटणारा मध्यस्थ. त्या व्यापाऱ्याचे ट्रक गावोगावच्या दुकानांना माल पोचवतात, हेही हवालदाराला ठाऊक होतं. फक्त डोकं चालवायची त्याला फुरसत नव्हती. त्याला मी काय काय बोललो ते इथे छापण्यासारखं नाही.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. तिशीच्या आतला गडी, उजवा पाय गुडघ्याखाली कापलेला. शेंड्यापर्यंत चढून चिकू उतरवायचा, त्यावर घर चालायचं. वळणानंतरचं त्याला काहीच आठवत नव्हतं. त्याची बायको खाटेलगत खाली फरशीवर बसली होती.

“तो दादा चांगला हाय,” ती मध्यस्थाबद्दल म्हणाली. “जीपमधी घालून आनला, औषधं आनून दिली. मोटारसायकल पन नीट करून दिली, नवा रंग मारून.”

माझ्या अंगाची लाही झाली. उपकार म्हणून त्याने पुरावा घासूनपुसून, रंग मारून घरपोच दिला होता. आणि बाई त्याला दुवा देत होती.

“बाई, कुठल्या कागदावर अंगठा दिलास का?”

“दिला.” तिने उशाची प्लास्टिकची पिशवी ओढली, रेशनकार्डाच्या घडीतून एक कागद काढला. “ही त्याची झेरॉक्स.”

मी उडालोच. असल्या कागदाची प्रत कुणी देत नाही आणि कुणी मागतही नाही. “तुला दिली कशी?”

“मी मागली. आमच्या जंगलजमिनीच्या, वनपट्ट्याच्या टायमाला सासऱ्यानं दोनदा अंगठा दिला. दोनदा कचेरी बोलली, कागद आलाच नाय. तवापासून पाड्यात ठरलं हाय, अंगठा दिला का झेरॉक्स मागायची. तो दादा हसला नि बाजारातून काढून आनून दिली.”

कागदावर लिहिलं होतं, की माझ्या नवऱ्याची मोटारसायकल त्याच्याच चुकीने घसरली, अमुक क्रमांकाच्या ट्रकचा त्याच्याशी काहीही संबंध नाही, सदर ट्रकच्या मालक-चालकाविरुद्ध माझी तक्रार नाही व पुढेही राहणार नाही. खाली तिचा अंगठा.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे. माणूस आपला आपण घसरला असेल तर त्याच्या कागदावर ट्रकचा नंबर आला कुठून? अठरा दिवस आमच्या ठाण्याला जो नंबर नको होता, तो या बाईच्या रेशनकार्डात घडी करून ठेवलेला होता.

तिथेच तिची फिर्याद लिहून घेतली. ठाण्यात येऊन गुन्हा दाखल केला: भरधाव आणि हयगयीने वाहन चालवणं, गंभीर दुखापत, शिवाय अपघाताची खबर न देता निघून जाणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मध्यस्थाला बोलावलं. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. बसा म्हणायच्या आधीच खुर्ची ओढून बसला.

“साहेब, माणुसकी म्हणून उचलला त्याला. आमचा ट्रक तर त्या दिवशी वापीला होता.”

“मग त्या ट्रकविरुद्ध तक्रार नाही असं लिहून कशाला घेतलं?”

“कुठे लिहून घेतलं?”

मी झेरॉक्स टेबलावर ठेवली. त्याने ती पाहिली, ओळखली, आणि लाज वाटायच्या ऐवजी चुकचुकला. म्हणाला, “तिला कुठं वाचता येतं साहेब, म्हणून दिली.”

माझा हात उठला होता. तो न मारताच खाली आला, त्याचं कारण पुढे सांगतो.

मग फार वेळ लागला नाही. झरीच्या किराणा दुकानदाराने त्या सकाळच्या मालाचं चलन काढून दिलं, त्यावर तोच नंबर, म्हणजे वापीची थाप तिथेच उघडी पडली. ज्या गॅरेजात मोटारसायकल रंगवली, तिथल्या भंगारात तिचा वाकडा लेगगार्ड सापडला. गॅरेजवाल्याने लोखंड म्हणून ठेवला होता. त्याला ट्रकचा पांढरा रंग चिकटलेला होता. पंचांसमक्ष जप्त केला. ट्रक आणून लावला, आरटीओकडून तपासून घेतला. बंपरच्या उजव्या बाजूचा रंग ताजा होता.

ड्रायव्हर पहिल्या तासात बोलला. मारावं लागलं नाही, चहा दिला. “लायसन संपलं होतं साहेब. मी पोराला उचलायला उतरत होतो. शेठला फोन केला, तर शेठ बोलला, तू निघ, माल पोचव, मी माणूस पाठवतो. मी पुढच्या चार दुकानांत माल टाकला साहेब.” असं म्हणून तो रडायला लागला. मला त्याची दया आली नाही. रस्त्यावर पाय तुटून पडलेला माणूस आणि हा बिस्किटांचे खोके मोजून देतोय!

शेठचा हिशोब असा, की लायसन संपलेलं उघड झालं तर विमा कंपनी हात वर करेल आणि सगळं त्याच्या अंगावर येईल. म्हणून अपघातच झाला नाही असं करून टाका. बाईच्या बाजूने कायदा काय होता, हे तिला अठरा दिवसांत एकाही शहाण्याने सांगितलं नव्हतं. तिने दिलेल्या अशा कागदाने पोलिसांत नोंदवायचा गुन्हा मिटत नाही. भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो, आणि अपघाताचा अहवाल तिथे पाठवणं हे ठाण्याचं काम आहे, जखमीने त्यासाठी पाया पडायचं नसतं. लायसन संपलेलं असलं तरी जखमीचा दावा बुडत नाही. वकील मोफत मिळतो, त्यासाठी तालुक्याच्या कोर्टात विधी सेवेकडे अर्ज करायचा. हे सगळं मला पाठ होतं. पाठ असून काय उपयोग, मी तर ‘तक्रार नाही’ याखाली सही करून मोकळा झालो होतो.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगतो. दवाखान्यात डॉक्टर ‘कसं लागलं’ म्हणून विचारतात, ते उत्तर आपल्या माणसाने द्यावं. त्या एका ओळीवर पुढची सगळी केस उभी राहते किंवा आडवी होते. मोडलेली गाडी पंचनाम्याआधी कुणी फुकट दुरुस्त करून देतो म्हणाला, तर त्याला हात लावू देऊ नये. फार गोड बोलणारा मदतनीस आला, तर तो कुणाकडून आला आहे ते आधी विचारावं.

हवालदारावर खात्याची कारवाई झाली. माझ्यावर झाली नाही, व्हायला हवी होती. ड्रायव्हरबरोबर मध्यस्थ आणि शेठ, दोघांवरही दोषारोपपत्र गेलं. २०१९ मध्ये, माझ्या निवृत्तीच्या तोंडावर, दाव्याचा निकाल त्या नवरा-बायकोच्या बाजूने लागला. नवरा आता झाडावर चढत नाही. वाडीत खाली बसून चिकू निवडतो, असं कुणीतरी सांगितलं.

आता हात का खाली आला ते.

दवाखान्यात फिर्याद लिहून झाली, वाचून दाखवली, तिचा अंगठा घेतला. मी कागद आवरत होतो, पोटात सकाळपासून काही नव्हतं, परत जाऊन गुन्हा नोंदवायचा होता. तिने अंगठ्याची शाई लुगड्याला पुसली आणि हात पुढे केला.

“सायेब, याची पन झेरॉक्स दे.”

फिर्यादीची प्रत फिर्यादीला विनामूल्य द्यायची, हा कायदा आहे. मागितली म्हणून नाही, न मागता द्यायची. आमच्या ठाण्यात कित्येक महिन्यांत कुणा पाड्यावरच्या माणसाला ती मिळाली नव्हती. आणि मी, एवढा रागावलेला, तिच्या बाजूने उभा राहिलेला मी, वैतागून बोललो, “बाई, तुला वाचता येतं का?”

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. असा प्रश्न तिला बहुतेक पहिल्यांदा कुणी विचारत नव्हतं.

“नाय येत,” ती म्हणाली. “म्हनून तर मागते.”

दुसऱ्या दिवशी त्या पांढऱ्या शर्टाच्या तोंडून मी माझंच वाक्य ऐकलं. कुणाला मारणार होतो? हात खाली घेतला, शिपायाला बोलावलं आणि आधी फिर्यादीची प्रत शिक्का मारून दवाखान्यात पाठवली. नंतर चौकशी सुरू केली.